पुंजाजीआबांच्या अंगठ्याचं वजन

आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी
रविवार, ता. ६ मे १९७३

तीर्थरूप सोनाजीमामांस,

सारजाचा सविनय जयभीम. आधी एक चूक दुरुस्त करते आणि मग तुमची खुशाली विचारते. हा क्रम उलटा आहे हे मला कळतं, पण चूक पोटात ठेवून खुशाली विचारली तर ती मनापासून विचारल्यासारखी होत नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुम्ही पाठवलेली पावडर घेऊन माझं वजन अडीच किलोनं वाढलं. ते खरं नाही. वाढलेलं वजन पुंजाजीआबांच्या पायाच्या अंगठ्याचं होतं.

आता खुशाली विचारते. मामींचा दमा कसा आहे? नांदेडला पाण्याचे टँकर येतात असं ऐकलं, ते तुमच्या गल्लीपर्यंत येतात की नाही? औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहून तुमचे पाय सुजत होते, ते उतरले का? आमच्याकडे बाबा आणि पंचफुलाआत्या ठीक आहेत (ठीक म्हणजे हिंडते-फिरते आहेत, याहून जास्त मी लिहू शकत नाही). बाबा तलावाच्या दुष्काळी कामावर जातात. आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला आहे, आणि त्यात पडलेली आईच्या वेळची एक कळशी सापडली. पाण्याऐवजी ती वर आली, म्हणून आत्या तासभर विहिरीवर बसून रडली.

तर अंगठ्याची हकिगत. तुम्हाला ठाऊक आहेच की नर्सच्या ट्रेनिंगसाठी माझी निवड झाली, पण परभणीच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, सदतीस किलो वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं (काट्यावर त्यांचा जास्त विश्वास दिसला). ते म्हणाले, चाळीस भरल्याशिवाय फिटनेसचा दाखला मिळणार नाही, मे महिन्यात परत या. नर्सच जर वाऱ्यानं उडाली तर रोग्यानं कुणाला धरायचं, असंही म्हणाले. त्यावर तिथली सगळी हसली. मीही हसले, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. ते तुम्हाला कळवलं आणि तुम्ही लगेच डबा धाडलात. तुमच्यासारखा मामा कुणाला नसेल, हे मी डब्याच्या वासासकट म्हणते.

तो डबा धर्मसिंगनं त्याच्या ट्रकमधून आणला. गल्लीच्या तोंडाशी उतरून तो डबा लांब हातानं धरून आला आणि म्हणाला, "बहेनजी, नांदेडसे यहाँतक खिडकी खुली रखके आया हूँ. इसमें है क्या?" मी सांगितलं की हे अमायनो ॲसिडपासून केलेलं शक्तीचं अन्न आहे. ॲसिड म्हटल्यावर त्यानं डबा जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरला, कारण त्याच्या बॅटरीतलं ॲसिड एकदा त्याच्या पायजम्यावर सांडलं होतं. आत्यानंही तेवढंच ऐकलं. मग मी डब्यातला कागद काढून ओसरीवर मोठ्यानं वाचला. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक ओळ मराठीत सांगितली, म्हणजे कुणाचा गैरसमज राहायला नको. त्यात लिहिलं होतं की लायसीन नावाचं अमायनो आम्ल शरीराला वाढीसाठी लागतं, त्यानं भूक लागते, स्नायू भरतात, थकवा जातो; पण शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, ते बाहेरूनच मिळावं लागतं. खाली घेण्याची रीत होती. दोन चमचे पावडर पेलाभर दुधात, सोबत डाळ, अंडी आणि फळं. आत्या म्हणाली, "ह्ये समदं घरात असतं तर डबा कशाला लागला असता गं?" मी कागद उलटून पाहिला. उत्तर मागच्या बाजूलाही नव्हतं. जनावरं छावणीत गेल्यापासून गल्लीत दूध नाही, आणि अंड्याचं म्हणाल तर लक्ष्मीबाईची एकच कोंबडी उरली आहे, तीही आता माणसांकडे संशयानं पाहते.

पहिले दोन चमचे मी पाण्यात घेतले. वास ओल्या घोंगडीचा होता आणि चव त्याहून वाईट होती. पण मामा, ते दोनच चमचे. तिसरा चमचा मला मिळाला नाही, आणि का मिळाला नाही हे मी मागच्या पत्रात लपवलं होतं (लपवणं म्हणजे खोटं बोलणं का, यावर मी बराच विचार केला, बाबांना न विचारताच उत्तर कळलं). दुसऱ्या दिवशी मी पाणी आणायला गेले तेव्हा आत्यानं सात वाट्या काढल्या, प्रत्येकीत थोडी थोडी पावडर घातली आणि सात घरी वानवळा दिला. तुम्हाला तिचा स्वभाव ठाऊक आहे. पहिल्या शेंगा असोत, नव्या ज्वारीचा हुरडा असो, की दुष्काळी रेशनची तांबडी मिलो ज्वारी असो, घरात नवी वस्तू आली की शेजारी चाखायला गेल्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नाही. मी म्हटलं, आत्या, ते औषध आहे, माझ्या नोकरीसाठी आहे. ती म्हणाली, "मंग? औषध काय येकटीनं खायाचं असतं व्हय? बरं दिसतं काय ते?"

गल्लीवर मात्र पावडरीचा गुण ताबडतोब आला. भिवाजीकाका एका चिमटीवर म्हणाले की त्यांचा गुडघा सैल झाला, आणि ते दाखवायला लिंबावर चढले. उतरताना दुसरा गुडघा आखडला. रुख्मिणीबाईला झोप लागायला लागली. लक्ष्मीबाईनं कोंबडीला थोडी घातली, ती आता संशयानं पाहण्याऐवजी सरळ अंगावर धावून येते. हे सगळं तुमच्या मालकांना कळवण्याजोगं आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. सगळे शपथेवर सांगतात, पण चिमूटभर पावडरीनं एवढं होईल असं कागदात कुठे लिहिलेलं नाही.

आता तराजूचं सांगते. आमच्या बाजारात किसनरावांची अडत आहे. यंदा तिथे तोलायला धान्यच येत नाही. पुंजाजीआबा जन्मभर तिथे हमाल आणि तोलारी, हल्ली रिकाम्या तराजूखाली बसून असतात. तेच म्हणाले, "ये पोरी, गंज चढण्यापरीस तुलाच तोलतो." एका पारड्यात विसाची दोन वजनं आणि दुसऱ्यात मी. आबांनी सवयीनं पहिल्या वजनाला एक न म्हणता लाभ म्हटलं, जसं ज्वारीच्या पहिल्या मापाला म्हणतात. मला एवढं बरं वाटलं, मामा. इतक्या दिवसांत कुणी मला लाभ म्हटलं नव्हतं. माझं पारडं जरासंच वर राहिलं, आणि मग वजनं काढून-घालून आबा म्हणाले, साडेएकोणचाळीस! मी घरी येऊन आल्या पावली तुम्हाला पत्र लिहिलं. लिहिताना 'ळ' वाकडा आला होता. बाबांनी मला घरी अक्षरं शिकवली तेव्हा ते सांगत, खोटं लिहिलं की अक्षर वाकडं येतं. शाळेत गेल्यावर कळलं की तसं काही नसतं, तरी मी अजून पत्र लिहून झालं की अक्षर तपासते. तेव्हा मला वाटलं, टाकच खराब असेल.

चार दिवसांनी आबा स्वतःहून घरी आले आणि हसत हसत बाबांना म्हणाले की त्या दिवशी आपल्या पायाचा अंगठा होता पोरीच्या पारड्यावर. बाबा हसले नाहीत. आबा म्हणाले, "अमृतराव, ऱ्हायलं काय त्यात? जलमभर मालकाच्या बाजूनं अंगठा लावला. येकदा आपल्या पोरीच्या बाजूनं लावला तर आभाळ कोसळलं काय?" बाबा म्हणाले, "आभाळ न्हाई कोसळणार, आबा. पर परभनीच्या काट्यावर तुमचा अंगठा न्हाई न्यायचा." मग दोघं मला घेऊन अडतीवर गेले. मी परत तराजूत बसले. या वेळी आबांनी दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि सगळ्यांना दाखवले. सदतीस भरले. खरं म्हणजे थोडे कमीच, पण आबांना ते मोठ्यानं म्हणवेना.

यानंतरचा भाग लिहायला अवघड आहे. तुम्हाला ठाऊक आहे की वानवळ्याची वाटी आपल्याकडे रिकामी परत पाठवत नाहीत. सातही वाट्या परत आल्या, आणि सहांत दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी होती. रुख्मिणीबाईच्या वाटीत लापशी होती आणि तिला तोच ओल्या घोंगडीचा वास येत होता, म्हणजे माझीच पावडर गल्लीभर फिरून माझ्याकडे आली. मी ती नाक धरून खाल्ली, कारण तेवढीच माझ्या हक्काची होती. आत्यानं वाट्या घासल्या आणि, रिकाम्या कशा द्यायच्या म्हणून, तळातली पावडर घालून पुन्हा पाठवल्या. त्या पुन्हा सुकडीनं भरून आल्या. असं चालूच राहिलं. डबा संपल्यावर आत्यानं वाट्यांत निदान चिमूटभर मीठ घालून पाठवलं, तरी वाट्या भरूनच येत होत्या. मला वाटलं, दुष्काळी कामावर सुकडी भरपूर मिळत असेल. मी खात गेले. गूळ-शेंगदाण्याची सुकडी पावडरीपेक्षा पुष्कळ चांगली लागते, आणि मला भूकही लागायला लागली. मी मनात म्हटलं, लायसीन उशिरा का होईना, लागू पडलं.

मग एकदा बाबा भाकरी विसरून गेले म्हणून मी तलावाच्या कामावर गेले. दुपारची सुट्टी झाली होती. मुकादम प्रत्येकाच्या हातावर मूठभर सुकडी ठेवत होता, ती तिथेच खायची असते, म्हणजे उन्हात माती वाहायला अंगात काही राहतं. बाकीच्या गावांची माणसं बसून खात होती. आमच्या गल्लीची माणसं मात्र जरा पलीकडे वळून सुकडी पदरात, धोतराच्या सोग्यात बांधत होती. पारुबाईनंही बांधली. तिला सातवा महिना आहे. बांधून झाल्यावर तिनं बोटं चाटली, आधी एक हात, मग दुसरा, अगदी नीट. आणि मामा, त्यांच्यात बाबाही होते. त्यांनी आपली मूठ लक्ष्मीबाईच्या पदरात टाकली, कारण त्यांच्या हातून मी घेतली नसती. त्यांनी मला पाहिलं नाही. मी भाकरी एका दगडावर ठेवून परत आले.

त्या दिवशी वाट्या आल्या तेव्हा मी दाराशी उभी राहून म्हणाले की मला नको, पोट भरलं आहे. (हे खोटं होतं. या पत्रातलं हे पहिलं खोटं असं मी लिहिणार होते, पण वरचं हसण्याचंही धरायला हवं.) लक्ष्मीबाईनं वाटी माझ्या हाताला टेकवली. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "काहून गं सारजे? नर्सबाईला आमच्या हातचं चालंना झालं व्हय आता?"

तुम्ही आमच्या या गल्लीतच काही वर्षं राहिला आहात. हे वाक्य आपल्याला बाहेरून किती वेळा, किती तऱ्हांनी ऐकायला मिळालं आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. पण आपल्या माणसाकडून, थट्टेनं का होईना, ते ऐकायची वेळ माझ्यामुळे यावी! मी वाटी घेतली. लक्ष्मीबाई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "सरकारची नर्स येती ना, ती वाटेवरच उभी राहून हाळी देती. पारूच्या पहिल्या बाळंतपणाला आत यीपर्यंत लेकरू गेलं. आपली नर्स आतमदी यील. येवढंच हाय आमचं. खा." मी म्हटलं, ट्रेनिंग दोन वर्षांचं आहे, पारुबाईला आता उपयोग नाही. ती म्हणाली, "तिला न्हाई तर तिच्या लेकीला. तू हिशेब नको करू, खा." मी रडत रडत खाल्ली. आत्या चुलीपाशी होती, ती मागं न वळता म्हणाली, "रड. रडून खाल्लं तरी वजन भरतंच."

तेव्हापासून मी खाते आहे. दररोज प्रत्येक घास कुणाचा ते ओळखायचा प्रयत्न करते, पण सुकडी सगळी सारखीच असते. आणि पारुबाईच्या गळ्याची हाडं आता माझ्या जुन्या हाडांसारखी दिसायला लागली आहेत. काल आबांनी मला पुन्हा तोललं, पाय पोटाशी घेऊन. पारडी समोरासमोर आली आणि थरथरत राहिली. चाळीस आहे की नाही ते आबांना सांगता येईना, कारण वारा होता, आणि मी श्वास घेतला की पारडं हलत होतं. भिवाजीकाका म्हणाले, श्वास आत ओढून धर, तेवढंच वजन. किसनरावांनी सुचवलं की परभणीला जाताना ओच्यात दोन लहान वजनं बांधून ने, ते बाजारातले जुने आहेत, मी त्यांना वाईट म्हणत नाही. धर्मसिंगनं नट-बोल्टांची पिशवी देऊ केली. मी सगळ्यांना नको म्हटलं. माझ्या अंगात आता जे काही आहे तेही माझं नाही, त्यात आणखी किसनरावांचं लोखंड कशाला? तुमचा कागद म्हणतो ना, शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, बाहेरूनच मिळावं लागतं. एवढी एक ओळ मात्र खरी ठरली.

तेव्हा मामा, तुमच्या मालकांनी माझं मागचं पत्र दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं असं तुम्ही लिहिलंत, ते ऐकून माझा जीव घाबरा झाला. एखादी आई घरचं दाणापाणी आवरून त्या डब्याला पैसे घालेल, तिला वाटेल सारजाला अडीच किलो गुण आला. कृपा करून त्यांना हेही पत्र वाचून दाखवा. निदान पहिला परिच्छेद. पावडर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मला दोनच चमचे मिळाले, त्यावरून मी काही म्हणू शकत नाही. पण अंगठ्याचं मी म्हणू शकते.

हे पत्र टपालानं न पाठवता धर्मसिंगच्या हाती देते, म्हणजे वेळेत मिळेल. मामींना जयभीम, लहान्यांना माझ्याकडून एकेक पापा.

तुमची भाची,
सारजा अमृतराव

ता. क. आता मला पावडर पाठवू नका. आली तर तिचा वानवळा होईल, आणि वाट्या पुन्हा भरून यायला लागतील.

ता. क. दुसरा. वरचं खोडते. एक डबा पाठवा, पण पारुबाईच्या नावानं, आणि झाकणावर मोठ्या अक्षरात 'फक्त गरोदर बाईसाठी' असं लिहा, म्हणजे आत्याला वाट्या काढता येणार नाहीत. तिला दिलेलं चालतं का हे मात्र आधी एखाद्या डॉक्टरला विचारा. चालत नसेल तर त्याऐवजी शेंगदाणे आणि गूळ पाठवा, पण त्यावरही तेच लिहा.

ता. क. तिसरा. हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. तुम्ही परभणीला याल का? बाबा आले तर त्यांचा तलावाच्या मस्टरवरचा, म्हणजे हजेरीचा, दिवस जातो, म्हणून मी त्यांना नको सांगितलं आहे, आणि एकटीनं त्या काट्यावर चढायची मला भीती वाटते. भरलं तर काही प्रश्नच नाही. पण चाळीस भरले नाहीत तर मला गल्लीत तोंड दाखवता येणार नाही. माझं म्हणून नव्हे, पारुबाईला बोटं चाटताना पुन्हा बघावं लागेल म्हणून. तेव्हा नाही भरलं, तर तुम्ही बाबांना चार ओळी लिहा की डॉक्टर रजेवर होते, पुढची तारीख दिली आहे. हे खोटं आहे, आणि मला लिहिता येणार नाही, माझा 'ळ' बाबा लगेच ओळखतील. तुम्ही औषधाच्या दुकानात आहात, तुमच्या अक्षराला सवय असेल. यात तुमचा अपमान करायचा हेतू नाही. मी निघते पहिल्या एसटीनं, शुक्रवार, ता. ११ मे रोजी.